दाराचा हात

विद्यापीठाच्या सभागृहाचं दार सोडलं की धाडकन आपटायचं, म्हणून व्याख्यान संपेस्तोवर शिपाईबुवा ते हातानं धरून उभे राहायचे. आज बोलणार होती त्यांचीच लेक, विषय कष्टकऱ्यांचा मान. सकाळीच त्यांनी तिला बजावलं होतं, "तिथं मला ओळख दाखवू नकोस गं बाई. लोक तुझं ऐकायचं सोडून माझ्याकडं बघत बसतील."

बोलून झाल्यावर लेकीनं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

एकही हात वर होईना. कुणी घड्याळ बघतंय, कुणी पिशवी आवरतंय. शिपाईबुवांचा जीव नुसता खालीवर. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी हात वर केला, तोही नेमका दाराचाच.

दार धाडकन आपटलं. सगळ्या माना वळल्या.

"माझे वडील आहेत ते," लेक म्हणाली. "माईक द्या त्यांना."