पृथ्वीमित्र

उपग्रहाच्या फोटोत साक्रीजवळ एक काळी रेघ दिसते. ती म्हणजे जमिनीच्या भेगेत लाव्हा थिजून झालेली मैलोनमैल लांब भिंत. ती शेतांच्या मातीखालून कुठे जाते, हे मी फोटोंवरून शोधलं आणि नकाशा छापला. त्याच नकाशासाठी धुळ्याच्या कॉलेजनं माझा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे कोण, तर खडीक्रशरवाले नवलभाऊ! शाल, नारळ झाल्यावर त्यांनी चकचकीत काळ्या दगडाचं स्मृतिचिन्ह हातात ठेवलं. वर सोनेरी अक्षरांत ‘पृथ्वीमित्र’. “मॅडम, तुमनीच भिंतना दगड शे,” ते कौतुकानं म्हणाले. “तुमना नकाशा देखीसनच खोदं. बठ्ठा माल उचली लिधा, काहीच नही ऱ्हायनं!” मागे पडद्यावर उपग्रहाचा ताजा फोटो होता. त्यातल्या रेघेवरचा पांढुरका डाग मी ढग समजले होते; तो त्यांच्या खाणीचा धुरळा होता. “मॅडम, जरा हसा,” फोटोवाला ओरडला. दगड छातीशी धरून मी हसले आणि तोंडात आलेली थुंकी गिळली.