कचरू मिस्त्रीचा हात

गॅरेजवाल्या गोपाळनं तिसऱ्यांदा रिमोटचं बटण दाबून गाडी हलवली. चोरीची खबर देणारा सायरन मुकाच. फ्यूज बदलून झाला होता, बॅटरी तपासून झाली होती. शेवटी त्यानं सायरनच खराब ठरवला. दुसरा अकोल्याहून चार दिवसांनी येईल म्हणाला.

महामायाला तर आजच निघायचं होतं. लांब पल्ल्याची ही मोटारसायकल तिनं स्वतःच्या पगारातून घेतली होती. दहा वाजता मेहकरहून मंडळी लडाखला निघणार होती. पण तिच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, एकच अट घातली होती. परमुलखात गाडीला कोणी हात लावला तर सारं गाव उठलं पाहिजे. सायरन वाजला तरच जायचं.

"आज माहा बा असता तं पाच मिनिटात वाजवला असता," पंजाबराव म्हणाले.

हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. कचरू मिस्त्रीचा हात साखरखेर्ड्याच्या पंचक्रोशीत नावाजलेला. विहिरीतल्या पंपाची जळालेली मोटार आज आणावी, उद्या नवी तार भरून न्यावी. काम मात्र आतल्या खोलीत, दार लावून. कोणाला बघू देत नसे. आत फक्त आजी, अंधारात कंदील धरायला.

तीच आजी, जनकाबाई, आता ओट्यावरून उठली. चष्मा पदरानं पुसला आणि सायरनच्या तारेवर बोट फिरवत सीटखाली पोचली. आजी, हा काय मिक्सर आहे का, असं गोपाळनं हसून विचारलं. काळी तार त्यानं नव्याकोऱ्या कॅरियरच्या बोल्टखाली आवळली होती.

"रंगावर बसवली बे तू तार. करंटले वाट कुठी ठेवली?"

तिनं त्याच्याच पेटीतली कानस घेतली. पांढरं लोखंड दिसेपर्यंत रंग घासला, तार पुन्हा आवळली. महामायानं बटण दाबलं, गाडी हलवली.

सायरन असा किंचाळला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. गल्लीतली सगळी दारं उघडली. गोपाळनं दोन्ही कान दाबले. पंजाबराव घरात गेले आणि हेल्मेट आणून त्यांनी लेकीच्या हातात दिलं. मग ते भरल्या डोळ्यांनी आईकडे वळले.

"बाचाच हात उतरला तुह्यात, माय. कंदील धरता धरता शिकली तू."

जनकाबाईनं कानस पुसून पेटीत ठेवली.

"बाईनं भरलेली मोटार कोनी विहिरीत सोडली नसती, बापू. कंदील तुहा बा धरे. लय सांभाळून धरे."