न चावणारी मुंगी

अ‍ॅमेझॉनकाठच्या प्रयोगशाळेत मृण्मयी देवस्थळी सूक्ष्मदर्शकावरून उठली ती फणफणतच.

"फणसळकर, या सगळ्या मुंग्यांच्या डाव्या जबड्यावर एकाच जागी एकच खाच आहे. साच्यातून काढल्यात तुमच्या कंपनीने!"

"अहो मॅडम, जळालेल्या रानात पालापाचोळा उचलायला कोणीतरी हवंच ना?" फणसळकर हसले. "नवी जात म्हणून वर्गीकरण करून टाका. हवं तर तुमचंच नाव द्या तिला."

"म्हणजे मुंग्या परतल्या, जंगल परतलं, असं सांगून उरलेलं रान तोडायला तुम्ही मोकळे! लाज कशी वाटत नाही?"

"फरक काय पडतो? हुबेहूब तर आहे."

मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रानात मुंगी ओळखायची तर आधी तिला चावू द्यायचं, ही तिची जुनी रीत. प्रत्येक जातीची कळ वेगळी. तिने बरणीतली एक मुंगी तळहातावर घेतली आणि बोटाने करकचून दाबली.

"चाव! अगं, चाव की मेले!"

मुंगीने सहाही पाय अंगाशी मिटले आणि मृण्मयीचा राग ओसरायची निमूट वाट पाहू लागली.