मागे पडणारं घड्याळ

खण्णकन पळी पडली आणि मुनीफ एफेंदींनी दचकून घड्याळातून मान वर काढली. ताऱ्यांपासून डोळ्यांच्या रोगांपर्यंत ग्रंथ लिहून इस्तंबूलमध्ये नाव कमावलेला हा माणूस आज रडकुंडीला आला होता. स्वतः घडवलेलं घड्याळ आजच दरबारातल्या पाशांना नजर करायचं होतं.

"आपल्या रिवाजाप्रमाणे रोज सूर्यास्ताला बारावर लावतो. रात्रभर चोख चालतं, आणि सकाळी मी मदरशाला निघायच्या वेळी हटकून मागे! पाशांसमोर हसं होणार माझं."

"ग्रहणं आधीच सांगता, आणि घरातलं एवढंसं चाक सापडेना!" बायको गुलरुख हसली. "आधी शोरबा प्या. घड्याळ काही पळून जात नाही."

"अगं, तेच तर दुखणं आहे! त्याच्या नादात मला रोज उशीर होतो."

"होऊ दे की. तेवढंच आमच्याजवळ बसून चार घास खाता." गुलरुखने वाडगा पुढे सरकवला.

ते पुन्हा एकेक चाक तपासू लागले. शोरब्यात पाव बुडवत छोट्या नफीसाने आईकडे पाहिलं.

"आई, मग रोज बाबा जोडे शोधत असताना तू तो काटा मागे का करतेस?"