उपाशी कोंबडी

उजाडता उजाडता इन्साफ गच्चीवर आली, खुराड्यात हात घातला आणि सुक्कर कोंबडीच्या गळ्याखालची दाण्यांची पिशवी चाचपली. ती आजही टम्म होती. मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट. इन्साफचं डोकंच फिरलं.

मन्सूरा शहरातल्या गुरांच्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं होतं. धडधाकट कोंबडीची पिशवी रात्रीतून रिकामी होते; सकाळी काही न खाताच भरलेली लागली, तर दाणा तुंबला असं समजायचं. मग दाणा बंद, नुसतं पाणी, चोचीत तेलाचे थोडे थेंब, आणि बोटांनी हलकं हलकं चोळत राहायचं. इन्साफ हे सगळं जीव लावून करत होती. काल संध्याकाळी पिशवी बरीच उतरली होती. सुक्कर अंड्यातून बाहेर पडली तेव्हापासून तिच्याच ओढणीत वाढलेली. नवरा कुवेतला गेल्यापासून तिच्या हाकेला धावत येणारं या घरात तेवढंच एक कुणी होतं. मग रात्रीतून पिशवी पुन्हा भरली कशी?

सुक्करनं मान झटकली. चोचीतून भिजलेल्या मक्याचा एक दाणा खाली पडला.

इन्साफनं वळून पाहिलं. पलीकडच्या कोपऱ्यात तिची सासू, हाज्जा वहीदा, बदकाला मांड्यांत दाबून बसली होती. एका हातानं चोच उघडायची, दुसऱ्यानं भिजवलेला मका कोंबायचा, अंगठ्यानं गळ्यावरून खाली सारायचा. गल्लीत लग्न निघालं की लोक बदकं पुष्ट करायला तिच्याकडेच आणून सोडत.

"अम्मा, सुक्करला दाणे कुणी भरवले?"

वहीदानं आढेवेढे घेतले नाहीत. मीच भरवले, म्हणाली, पहाटेच्या नमाजाआधी, रोज भरवते. कोंबडी दाण्याला तोंड लावत नाही म्हटल्यावर दुसरं काय करायचं? डॉक्टरचं काय जातं सांगायला? मुक्या जिवाला उपाशी मारायचं पाप माझ्या गच्चीवर होणार नाही. आणि एवढं करूनही नाहीच जगली, तर मरायच्या आत सुरी फिरवू, निदान खायला हराम तरी व्हायची नाही.

इन्साफला रडू फुटलं, ते निव्वळ संतापानं. दिवसभर चोळून चोळून हिनं उतरवायचं आणि पहाटे उठून तिनं पुन्हा ठासायचं, असा हा संसार चालला होता. तिनं सासूचा मक्यानं ओला झालेला हात धरला आणि सुक्करच्या गळ्याखाली नेला.

"ही भूक आहे? दाबून बघा. वरून भरताय, खाली काही उतरत नाहीये. तुम्ही मारताय तिला, अम्मा."

वहीदाची बोटं जागच्या जागी थांबली. अंधारात ती चोच तेवढी धरायची. पिशवीला तिनं कधी हातच लावला नव्हता.

"दगड झालाय गं," ती हळूच म्हणाली.

मग तिनं बदक सोडून दिलं, देवाची शपथ घेतली की सुक्करला आता एक दाणा देणार नाही, आणि तेलाची बाटली धरून सुनेजवळ बसली. इन्साफ चोळत राहिली. ऊन अंगावर आलं तेव्हा कुठे गोळा बोटाखाली थोडा मऊ लागला. सुक्कर आपणहून पाणी प्यायली. तिला आता फक्त निवांत सोडायला हवं होतं, बाकी काही नको होतं.

वहीदा उठून खाली गेली, आणि वाफाळत्या 'फूल'ची, म्हणजे बाकल्याच्या उसळीची, वाटी न् रोट्या घेऊन वर आली. इन्साफ मानेनंच नको म्हणाली.

"तिला नाही देत, शपथ घेतलीय," वहीदा म्हणाली. "पण तूही काल रात्रीपासून काही खाल्लं नाहीस."

"अम्मा, मला खरंच भूक..."

एवढं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि घास आत गेला. वहीदा दुसरा मोडायला लागली होती.