टीव्हीच तसा आहे

काविळीनं गेलेल्या बायकोचं तेरावं झालं. मुलीनं आणलेल्या नव्या टीव्हीला घाणेकरांनी आपला तळहाताएवढा कॉम्प्युटर जोडला. जुन्या टीव्हीची वायर काढून एचडीएमआय केबल खोचली, चित्र नव्या टीव्हीवर यावं म्हणून सेटिंगमधली एक ओळ बदलली.

बायकोनं माहेराहून पाठवलेला शेवटचा व्हिडिओ लख्ख उमटला. भिंत पांढरी, साडी निळी, डोळे हळदीसारखे. “अहो, नीट बघून सांगा, डोळे पिवळे दिसतात का माझे?”

तेव्हा त्यांनी नीट बघितलं होतं, जुन्या टीव्हीवर. त्यावर भिंतही पिवळीच दिसत होती. “अगं, टीव्हीच तसा आहे,” असं फोनवर सांगून टाकलं होतं.

“बाबा, बंद करा,” मुलगी म्हणाली.

त्यांनी बंद केला नाही. ओळ पुन्हा पहिल्यासारखी केली, कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीला वायर जोडली आणि भिंत पिवळी होण्याची वाट बघत बसले.