रांजणावरची पावलं

भावानं रांजणावरचं ओलं फडकं काढलं आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या मातीच्या जाड पट्ट्यावर ताईनं नाचायचं आणि पावलांचे ठसे बाहेर ठेवून कुंभार भावानं त्याच पट्ट्याचा रांजण वळायचा, असं ठरलं होतं. काल ती घोटे भरून येईस्तोवर नाचली होती. आज रांजण टकलासारखा गुळगुळीत! गिरकीत खोल रुतलेल्या टाचेचीही खूण उरली नव्हती. “माझी पावलं कुठायत रे?” “अगं, ओबडधोबड दिसत होतं. जरासा हात फिरवला.” “अख्खा नाच पुसलास माझा, मेल्या!” “एवढी काय भडकतेस? खाली दोघांची नावं कोरलीत की.” ताईनं वाकून पाहिलं. बुडाशी खरंच दोन्ही नावं होती. तिनं बादलीत अंगठा बुडवला आणि भावाचं नाव घासून सपाट केलं. “ताई! हे काय?” “ओबडधोबड दिसत होतं. जरासा हात फिरवला.”